खणातलं तिसरं घड्याळ

"हे जगात कुणालाही पटणार नाही, पैज लाव," घड्याळवाले म्हणाले आणि लेकीच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसले.

"मग सांगता कशाला?" ती छताकडे बघत म्हणाली.

"तुला पटवायला कोण बसलंय? ऐक नुसतं."

स्टँडला पिशवी लटकत होती, आत पाण्यासारखंच काहीतरी. डॉक्टरांनी सकाळी पुन्हा समजावलं होतं: विषाणूतला रोग काढून त्यात दुरुस्त जनुक भरलंय, तो ते हृदयाच्या पेशींपर्यंत पोचवेल. मिळणार एकदाच. शरीराने त्याला ओळखलं की दुसऱ्यांदा दारातच अडवणार. उपचार नवा, खात्री कुणीच देत नव्हतं, आणि आत गेलेलं परत काढता येत नव्हतं. सही तिने कालच केली होती. पण सिस्टर नळी जोडायला आली तसा तिने हात पोटाशी आवळून धरला तो धरलाच.

"पाच मिनिटं देते," सिस्टर दाराशी जाऊन म्हणाली. "नको असेल तर आत्ताच सांगा. हे फार वेळ टिकत नाही."

"तर परवाची गोष्ट," घड्याळवाले सुरू झाले. "दुपारी जेवायला म्हणून दुकानाचं दार अर्धं ओढलं. भिंतीवर चौतीस घड्याळं. ती कधी एका सुरात बोलतात का? एका चाळीतल्या भाडेकरूंसारखी भांडतात. आणि अचानक सगळी गप्प."

"सेल संपले असतील."

"चौतिसांचे? एकदम? लंबकवाल्यांचेसुद्धा?" त्यांनी आवाज खाली आणला. "आणि त्या शांततेत खालच्या खणातून टिक, टिक."

तिची मान वळली. त्या खणात काय असतं हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आजोबांचं, आत्याचं, काकाचं, अशी तीन मनगटी घड्याळं. तिघांची हृदयं आतून जाड होत होत एके दिवशी थांबली होती. आजोबा कामाच्या बाकावर, आत्या पोहताना, काका जिना चढताना, चौतिसाव्या वर्षी. गेलेल्याच्या घड्याळाला चावी द्यायची नाही, हा घरचा नियम. ते आपणहून थांबतं आणि थांबलेल्या वेळेसकट खणात जातं. घड्याळवाल्यांना स्वतःला आजार कधी शिवला नव्हता. त्यांच्या अंगातून तो पाऊल न वाजवता लेकीकडे गेला. ती आता तेहतीस वर्षांची होती. खणात चौथ्या घड्याळापुरती जागा होती. त्या जागेकडे घड्याळवाले बघत नसत.

"खण उघडला, तर काकाचं घड्याळ चालू! बावीस वर्षांनी! आणि बाजूच्या दोघांचे काटे झाडून सगळे त्याच्याकडे वळलेले. कान देऊन बसल्यासारखे."

"बाबा, पुरे."

"मला दरदरून घाम. भिंग लावून बघितलं. आत तेलाचा गोंद झालेला, आणि चक्रं फिरतायत. आतूनच कुणीतरी ढकलतंय जणू."

त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून सोडली आणि घड्याळ तिच्या कानाशी धरलं. टिक, टिक. खरंच चालत होतं.

"अगं बाई," दाराशी सिस्टर पुटपुटली.

"तुम्ही चावीला हातही लावला नाहीत?" लेकीने विचारलं.

"तुझी शप्पथ."

घड्याळ उशीवर कानाशी ठेवून ती ऐकत राहिली. मग पोटाशी धरलेला हात सोडून चादरीवर उताणा ठेवला.

सिस्टरने नळी जोडली. थेंब पडू लागले. थोडा वेळ थेंब आणि घड्याळ एकमेकांच्या मागे धावत राहिले. मग थेंब आणि टिकटिक एकत्र पडू लागले, अगदी नेमके.

घड्याळ अडखळलं.

घड्याळवाल्यांचा हात आपसूक पुढे आला आणि मध्येच थबकला. लेकीने तो मोकळ्या हाताने पकडून उलटा केला. अंगठ्याच्या पेरावर बारीक बारीक खाचा उमटल्या होत्या, कातडी लाल होऊन सोलवटली होती.

"परवापासून किती वेळा?"

"काय किती वेळा?"

"बाबा, खोटं. चावी तुम्हीच देताय." तिने घड्याळ त्यांच्या तळव्यावर ठेवून बोटं मिटवली. "थांबेल हं ते. द्या अजून."