दोन प्रश्न उशिरा

प्रश्न : अर्नीला कोण सांगणार?

मी. असं बेरिलनं ठरवलं होतं, आणि आमच्या चौकडीची कप्तान ती. 'ड्रेजर' पबात दर मंगळवारी प्रश्नमंजूषा असते. खिडकीजवळचं टेबल आमचं, संघाचं नाव 'बुडती नाव'. एका टेबलाला चारच माणसं, हा नियम. पुढच्या मंगळवारपासून अर्नीच्या खुर्चीत बेरिलचा भाचा बसणार होता, आणि ते अर्नीच्या कानावर आजच घालायचं होतं.

"तुझं ऐकतो तो, जॅकी," बेरिल म्हणाली. "मी बोलले तर भांडण होईल."

"मी बोलले तर मला रडू येईल."

"रड की. पण सांग, राजा."

प्रश्न : अर्नीचं चुकलं काय?

काही नाही. हल बंदराच्या गोदीतून निघणाऱ्या मासेमारी ट्रॉलरवर तो रेडिओ सांभाळायचा. उत्तरेकडचे समुद्र त्याला आपल्या गल्लीसारखे ठाऊक. पक्षाघाताचा झटका आला तो हिवाळ्यात. हातपाय सावरले, शब्द सावरले नाहीत. विचारावं एक, तोंडून यावं भलतंच. मग आम्हाला एक सवय लागली. तो काही म्हणाला की मान हलवायची आणि आपलं लिहायचं. माया म्हणूनच करत होतो. वाईट दिसतं ते आता.

प्रश्न : इन्सुलिन शरीरातल्या कोणत्या अवयवात तयार होतं?

हा माझा नाही, पॉलीनचा. पॉलीन म्हणजे पबची मालकीण. माईक हातात आला की तिचा आवाज शाळेच्या हेडबाईसारखा होतो.

अर्नीनं डोळे मिटले, टेबलावर बोट आपटलं. "अल्बाट्रॉस."

"हो राजा," म्हणत बेरिलनं 'स्वादुपिंड' लिहिलं.

"अल्बाट्रॉसलाही ते असतंच की," बिलाल म्हणाला. बिलाल टॅक्सी चालवतो, लेमोनेड पितो, आणि त्याला गप्प बसता येत नाही.

दोन प्रश्नांनंतर विषय होता इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं सरोवर. अर्नी म्हणाला, "स्वादुपिंड."

"ते लिहिलं मी मघाशीच," बेरिल म्हणाली. आम्हाला वाटलं, तिच्या कागदावर बघून म्हणाला.

प्रश्न : मग कळलं कधी?

मध्यंतराला. तेव्हा कागद शेजारच्या टेबलाशी बदलायचे आणि एकमेकांचे तपासायचे. आमचा कागद गेला डेस्मंडकडे. त्याचा संघ 'विद्वान मंडळ', आणि हे नाव त्यांनी गंमत म्हणून ठेवलेलं नाही.

"चौथा प्रश्न," पॉलीन वाचत होती, "पंखांचा विस्तार सगळ्यात मोठा असलेला पक्षी. उत्तर, अल्बाट्रॉस."

आम्ही कॉन्डर लिहिलं होतं. डेस्मंडनं त्यावर एवढी मोठी फुली मारली की कागद फाटायचा.

बिलालचा ग्लास तोंडापाशीच थांबला. "हे अर्नी म्हणाला होता."

"कधी?"

"सहाव्या प्रश्नाला, इन्सुलिनच्या वेळी."

आम्ही तिघांनी अर्नीकडे पाहिलं. त्यानं आमच्याकडे पाहिलं, ताटकळलेला माणूस उशिरा आलेल्या बसकडे पाहतो तसं.

"अरे म्हाताऱ्या," बेरिल हळूच म्हणाली, "इतके महिने तू बरोबर सांगत होतास?"

पॉलीननं पुढची दोन उत्तरं वाचून झाल्यावर अर्नी म्हणाला, "हो."

प्रश्न : मागे किती होतो?

लाज वाटण्याइतके. पण शेवटच्या फेरीत बिलालनं मगाखालची पुठ्ठ्याची चकती उलटी केली आणि अर्नीच्या तोंडून निघालेला एकूण एक शब्द टिपून घेतला. बेरिल तो शब्द दोन जागा मागे बसवत गेली. 'पारा' म्हणाला, बसला. 'मंगोलिया' म्हणाला, बसला. एकदा त्यानं नुसतीच शिवी दिली. तीही बिलालनं लिहून घेतली.

प्रश्न : फॅरो बेटांची राजधानी कोणती?

हा शेवटचा प्रश्न. आमची जागा कोरी. अर्नी त्या बंदरात कितीदा उतरला असेल. त्याचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. आणि पुढे प्रश्नच नव्हते.

"कागद आणा," पॉलीन म्हणाली.

'ड्रेजर'ची एक रीत आहे. कागद देण्याआधी प्रत्येक टेबलाला कोणताही एक प्रश्न पुन्हा वाचून घेता येतो. मी उभी राहिले. "पॉलीन, पहिला वाच ना."

"त्याचं उत्तर तर तुम्ही लिहिलंयत, मला इथून दिसतंय."

"तरी वाच."

तिनं वाचला. अर्नीच्या कपाळावर घाम. अजून एक प्रश्न हवा होता, आणि आमची संधी संपली. सगळा पब आता त्याच्याकडे बघत होता, आणि मला कळेना की त्याला हात धरून बाहेर न्यावं की काय करावं.

तेवढ्यात पलीकडून खुर्ची सरकली. डेस्मंड उभा होता.

"आम्हाला तिसरा ऐकायचाय," तो म्हणाला. "सावकाश. माझ्या बायकोला कमी ऐकू येतं."

"तुझी बायको आलेलीच नाही, डेस्मंड."

"म्हणून तर म्हणतो, मोठ्यानं वाच."

पॉलीन वाचू लागली. इतक्या सावकाश मी तिला कधी बिअरही ओतताना पाहिलेलं नाही. प्रश्न संपायच्या आत अर्नीनं माझं मनगट धरलं.

"टोर्शाव्हन," तो म्हणाला. अख्ख्या पबाला ऐकू गेलं.

बेरिलनं लिहिलं. नियमाप्रमाणे तो कागदही डेस्मंडलाच तपासायचा होता. त्यानं बरोबरची खूण केली, बेरीज केली, पुन्हा केली, आणि डोकं धरलं.

"एका गुणानं हरलो," तो त्याच्या मंडळाला म्हणाला. "घरी कुणी सांगू नका का हरलो ते."

प्रश्न : अर्नीला सांगितलं का?

बेरिलनंच विचारलं, टाळ्या चालू असताना.

"नाही," मी म्हटलं. "आणि सांगणारही नाही."

"शहाणी आहेस. भाच्याला मी कळवते, टेबल भरलंय म्हणून."

बक्षीस म्हणजे कोकराची अख्खी तंगडी, कागदात गुंडाळलेली. अर्नीनं ती बंदुकीसारखी खांद्यावर टाकली आणि पबभर फेरी काढली. लोक ग्लास उचलत होते, नावानं हाका मारत होते. तो एकेका टेबलापाशी थांबून, सवडीनं, प्रत्येकाला उत्तर देत होता. घाई कुणालाच नव्हती.