नावासाठी थांबलेला पाळणा

मित्रांनो, कसबा पेठेतला मी एक जुना पाळणा. वय विचारू नका. विचारलंत तर दर वेळी निराळं सांगेन. ज्या सागाचं लाकूड माझ्यात आहे, त्याच्या सावलीत म्हणे अख्खी जत्रा भरायची. कोंडीराम सुतार मला घडवत होता तेव्हा त्याच्या रंध्याच्या लयीवर पार येरवड्याच्या तुरुंगातले पहारेकरी डुलक्या घेऊ लागले, आणि दोन-चार कैदी घरी जेवून परत आले. यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. पुढच्यावर मात्र ठेवा.

कोंडीरामने मला श्रीनिवासरावांच्या दोन खोल्यांत आणून टांगलं. माझ्यात आधी त्यांची मुलगी सरोजिनी निजली, बऱ्याच वर्षांनी मुलगा आमोद. मधल्या काळात आळीतली निम्मी बाळं उसनी येऊन झोपून गेली. शेजारच्या इंदुबाई सगळ्यांना सांगायच्या, "मूल ऐकत नसेल तर इथे आणा, हा पाळणा ऐकायला लावतो." ती माझी कौतुकाची वर्षं. आमोद रांगायच्या आधीच त्याची आई मुक्ताई गेली. तेव्हापासून माझी दोरी सरोजिनीच्या हातात आली. तिने लग्न केलं नाही. भावाला मोठं केलं.

आमोद कॉम्प्युटर शिकला, खराडीच्या एका कंपनीत लागला, बायकोसह जर्मनीला गेला. मी माळ्यावर गेलो. माझ्यात जुने पडदे आणि बंद पडलेला मिक्सर निजू लागले. मिक्सर रडत नाही, एवढंच काय ते सुख.

मग एक दिवस फोन आला. आमोदला तिकडे मुलगी झाली. सरोजिनीने मला खाली उतरवायला लावलं, स्वतः तेल चोळलं, कड्या चिंचेने घासल्या. या घरात बाळाचं नाव आत्या ठेवते. बारशाला पाळण्यातल्या बाळाच्या कानात ते सांगते, तोवर कुणाला कळू देत नाही. नाव सांगून झालं की जमलेल्या बायका आत्याच्या पाठीत धपके घालतात.

"ताई, नाव सांगून टाक," आमोद फोनवर म्हणाला. "नावाशिवाय जन्मदाखला पुरा होत नाही, आणि दाखल्याशिवाय हिचा पासपोर्ट निघत नाही."

"बारशाआधी नाव फोडायचं नसतं."

"अगं, पण बारशाला यायलाच तर पासपोर्ट हवाय."

मागून त्याची बायको तनया म्हणाली, "ताई, कागदावर तात्पुरतं दुसरं काही घालू का?"

"कागदावर एक, कानात एक? मूल आहे की भाड्याची खोली?"

आमोद हसला. ताईचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. "बरं, बघू. दिवाळीपर्यंत काहीतरी करू," म्हणाला आणि फोन ठेवला.

दिवाळीपर्यंत. सरोजिनीच्या पोटात जी गाठ वाढत होती, ती दिवाळीपर्यंत थांबणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून झालं होतं. आमोदला हे कळवायचं नाही, अशी तिने वडिलांना शपथ घातली होती. बाळ आपल्या मांडीवर यावं, आपण त्याला माझ्यात ठेवावं, एवढंच तिला उरलं होतं.

दुपारी मला पुसताना ती वडिलांना म्हणाली, "अण्णा, नाव सांगितलं की त्यांचं काम झालं. मग येतात कशाला? सुट्टी नाही, तिकीट महाग. नाव माझ्याकडे आहे तोवर त्यांना यावं लागेल."

श्रीनिवासराव चष्मा पुसत होते. तो त्यांनी डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "सरू, ज्या दोरीने तू त्यांना ओढतेयस, तिनेच तिकडे पोर बांधून ठेवलंय. तुझ्या लक्षात कसं येत नाही?"

सरोजिनीचा हात माझ्या कठड्यावर थांबला. संध्याकाळी तिने इंदुबाईंना बोलावलं. बाकी कुणी नाही. मोबाइल स्पीकरवर टाकला आणि माझ्यात, धुतलेल्या दुपट्यावर, बाळ ठेवावं तसा आडवा ठेवला.

"आमोद, फोन तिच्या कानाशी धर."

"धरला. ताई, तुझा आवाज असा का येतोय?"

"लाइन खराब आहे. गप्प बस."

ती वाकली. वाकताना तिला कळ आली, ती तिने माझा कठडा धरून जिरवली. "कुर्रर्र," म्हणाली, "मुक्ताई."

 फोनमधून बाळाचा बारीकसा श्वास ऐकू आला. इंदुबाईंनी डोळे पुसले आणि सरोजिनीच्या पाठीत धपका घातला, पण इतका हलका की माशी उडाली नसती.

पासपोर्ट निघाला. फोटोत बाळाने डोळे मिटले म्हणून फोटो पुन्हा काढावा लागला, एक कागद परत आला, तारीख पुढे गेली. कुणाचा दोष नाही. कागद आपल्या चालीने चालतात. सरोजिनीला ती चाल परवडली नाही. ती गेली तेव्हा माझ्या कड्या चकचकीत होत्या.

मुक्ताई आली, ती उठून बसण्याएवढी मोठी होऊन. माझ्यात निजेना, कठडा धरून डुलत राहिली. आळीतल्या बायका जमल्या. कुणीतरी हळूच विचारलं, "कानात नाव कोण सांगणार?"

"सांगून झालंय," श्रीनिवासराव म्हणाले. "नुसती झुलवा."

आमोदने दोरी ओढली. माझ्याकडे तो पाहू शकत नव्हता.

मित्रांनो, मला तेल लावलं नाहीत तरी चालेल. तो मिक्सरही खुशाल परत आणून ठेवा. पण आपलं माणूस यावं म्हणून त्याची वस्तू अडवून बसू नका, आणि आपल्याला काय झालंय ते त्याच्यापासून झाकू नका. बोलावणं सरळ धाडा.

मुक्ताईला झुलवलं त्या दिवशी सवयीने इंदुबाईंचा हात उगारला गेला. त्याने आत्याची पाठ शोधली, पुढे कुणी नव्हतं. तो धपका माझ्या कठड्यावर बसला. अजून बसलेलाच आहे, आणि हे मी वाढवून सांगत नाही.