पाव तास पुढं

शनिवारची सकाळची शाळा सुटली की अंजनाबाई तिसरीची पोरं हाकत ग्रामपंचायतीच्या वाचनालयात घेऊन जायच्या. कुणी सांगितलं नव्हतं हो! पण घड्याळाचा धडा फळ्यावर शिकवून शिकवून घसा बसला आणि पोरांच्या डोक्यात काही शिरेना, तेव्हा त्यांनीच हा उद्योग अंगावर ओढून घेतला. प्रत्येकाला एक चिठ्ठी, चिठ्ठीत एक प्रश्न. उत्तर कपाटातल्या कुठल्या पुस्तकात आहे ते ज्याचं त्यानं हुडकायचं, पुस्तकाचं नाव आणि पान लिहायचं, आणि सापडलेली वेळ पुठ्ठ्याच्या घड्याळावर काटे फिरवून दाखवायची. आता मात्र बाईंना वाटायचं, कुठून ही दुर्बुद्धी सुचली. रोज शिरूरहून जीपमध्ये चौघींच्या जागेत सहाव्या बसून तळेगावात यायचं, तसंच परत जायचं. शनिवारी तरी घरी जाऊन आडवं व्हावं ना माणसानं!

त्यातून परवा बाजारात साखरबाई भेटली. स्वप्नालीची आई. रांजणगावला कंपनीत पॅकिंगला जाते, नवरा ट्रकवर, महिना महिना घर बघत नाही.

"बाई, सोमवारी हिचा मामा येतोय. कासुर्डीला धाडते पोरीला, तिथल्याच शाळंत घालते," ती म्हणाली. "मी पहाटं कामाला गेल्यावर तिनं घड्याळ बघून शाळंला निघाया नगं का? तिला घड्याळच कळंना. रोज कायबाय सांगती. एकटी कशी ठिवू?"

वर्गातही पोरीचा एक काटा कधी जागेवर नसायचा. पण शोधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाकीची पोरं हाताला येईल ते पुस्तक उघडून चित्रं बघत बसायची. ही आधी अनुक्रमणिका उघडायची आणि बोट फिरवत खाली यायची. खरं सांगायचं तर बाई पाय ओढत इथवर यायच्या ते तिच्यासाठी. तीच गेली तर कपाटाचं कुलूप काढायचं कुणासाठी?

त्या शनिवारी स्वप्नालीच्या चिठ्ठीत होतं, आज सूर्य किती वाजता मावळतो? तिनं गोष्टींच्या पुस्तकांकडे ढुंकूनही बघितलं नाही. सरळ पंचांग काढलं, महिना काढला, तारखेच्या ओळीवर पट्टी ठेवली.

"सव्वासहाला, बाई. पान बी लिवलंय."

"शाब्बास! आता काटे लाव."

तिनं झोकात साडेसहा लावले.

बाईंनी कपाळावर हात मारला. ओरडायला तोंड उघडलं, पण अंगात ताकदच नव्हती. त्या नुसत्या स्टुलावर टेकल्या आणि त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिल्या. मागच्या शनिवारी पोरीला पुस्तकात साडेचार सापडले होते आणि काटे लावले होते पावणेपाच. त्याच्या आधी दहाचे सव्वादहा. अरे, चुकणारं पोर कसंही चुकतं. ही तर मापात चुकतेय!

"स्वप्नाली, काटे पुढं का नेतेस गं?"

"घड्याळ पुढंच असतंय की, बाई."

"कुठलं?"

"समद्यांचंच. कंपनीवाल्यांच्या घरात तर असतंयच. आमचं पप्पांनी पाव तास पुढं लावलंय. आईला सांगू नगं म्हनले, न्हाईतर ती निवांत बसंल आन् गाडी चुकंल. म्हनून मी कुठलं बी घड्याळ बघितलं की पाव तास काढून टाकती, आन् काटे लावताना पाव तास घालती."

इतके दिवस आपण पोरीला मठ्ठ म्हणत आलो आणि एकदाही का म्हणून विचारलं नाही, याची बाईंना भारी लाज वाटली.

घरी जायची जीप सोडून त्या दुपारभर शाळेतच थांबल्या आणि कंपनीची पाळी सुटल्यावर स्वप्नालीला घेऊन तिच्या घरी गेल्या. पायांत गोळे आले होते. साखरबाई नुकतीच येऊन भिंतीला टेकली होती. तिचीही तीच गत. बाईंनी सगळं सांगितलं. साखरबाई वर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतच राहिली.

"मला कुठं काटे कळत्यात, बाई? ह्यांनी सांगितलं, मोठा काटा सरळ वर उभा राह्यला की पळायचं. मी पळते. आन् कंपनीची गाडीच मेली रोज उशीर करती म्हनून स्टॉपवर उभी राहून तिला शिव्या घालते!"

"पोरीला घड्याळ येतंय साखरबाई. तुझ्यामाझ्यापेक्षा चांगलं येतंय. तिला पाठवू नकोस गं."

"कशाला पाठवू आता? येऊ द्या मामाला, च्या पाजून लावून देते माघारी."

बाईंचा जीव भांड्यात पडला. आता उठावं, शेवटची जीप गाठावी म्हणून त्यांनी पिशवी उचलली, पण साखरबाईचं लेकीकडे लक्ष गेलं होतं आणि तिचा चेहरा बदलला होता.

"म्हंजी सकाळी मी निघताना तू 'आई, अजून येळ हाय, भाकर खाऊन जा' म्हनायचीस, ते खरं व्हतं? आन् मी तुला येडी म्हनून धपाटा घालून उपाशी पळायची?"

"व्हय," स्वप्नाली म्हणाली. "पाव तासात एक भाकर खाऊन व्हती, आई. मी काट्याकडं बघत खाऊन बघितलीया."