मळीतली काणी

नदीकाठच्या मळीतल्या शाळूची अर्धी कणसे काळी पडली होती, आणि ती पाहून नाथाजीला आधी आनंदच झाला. गंधक चोळून पेरलेल्या पट्ट्यांत दाणा पांढराशुभ्र भरला होता. बाकीच्या पट्ट्यांत कणीस दाबताच दाण्याऐवजी काजळीसारखी पूड उडत होती. लढाईमुळे गंधक दुर्मीळ झाले होते. ते किती थोडे वापरून काणीचा रोग अडवता येतो, याच शोधासाठी तो पुण्याच्या शेतकी कॉलेजात खपत होता. उत्तर आता समोर उभे होते.

रान राहीबाईंचे होते. पलूसजवळच्या त्याच्या गावात जात्यावर बसण्यापूर्वी घरोघरची बाई मूठभर जोंधळा वेगळ्या मडक्यात टाकी. तो बाजारात विकून नाथाजीच्या फीचे आणि खाणावळीचे पैसे पुण्याला जात. ही मूठ राहीबाईंनीच सुरू केली होती. प्रयोगासाठी त्याने एक कोपरा मागितला, तर त्यांनी सगळी मळी देऊ केली. "कोपऱ्यात काय दिसतंय तुला? घ्यायचंच तर नीट घे," म्हणाल्या.

तुलनेसाठी अर्ध्या बियाण्याला त्याने स्वतःच्या हातांनी काणीची पूड चोळली होती. त्या वेळी राहीबाईंना तो एवढेच म्हणाला होता, "दोन तऱ्हेचं बी हाय, काकी."

दुपारी राहीबाईंनी त्याला ताट वाढले. घर सुने वाटत होते. मुलगा दादासो पलटणीबरोबर इटलीत होता, हे त्याला ठाऊक होते. पण सूनही कुठे दिसेना.

"बनूवयनी कुठं गेल्या?"

"उंब्रजला, म्हायेरी धाडलीया." राहीबाईंनी भाकरी जरा जोरानेच ताटात टाकली. "पेरनीच्या दिशी बाजूला बसायची हुती, तर न सांगता बियान्याचं पोतं उचललं तिनं. रान बघितलंस न्हवं? शेजारच्या रंगुबाईनं पानवठ्यावर सगळ्यांम्होरं इचारलं, तवा कबूल झाली."

"आवं काकी, त्यानं कुठं काणी पडती व्हय?"

"तू पुस्तकातलं बोलनार. जेव गप."

तो जेवला. खरे सांगायला एक वाक्य पुरे होते; पण पुढच्या हंगामात हाच प्रयोग पुन्हा करून दाखवल्याशिवाय त्याचा निष्कर्ष कोणी मानणार नव्हते. त्यासाठी मळी हवी होती आणि गावाची मूठही हवी होती. संध्याकाळी सांगू, असे त्याने ठरवले. संध्याकाळी राहीबाई कौतुकाने शेजारणींना म्हणाल्या, "आमचा नाथा रोगावर औशद काढतोय," आणि सांगायचे राहून गेले. रात्री जेवताना घासाघासाला बनुबाईचा चेहरा डोळ्यांपुढे येऊ लागला.

सकाळी राहीबाई शेण लावीत असताना तो उंबऱ्याशी उभा राहिला. "काकी, वयनींचा काय बी दोष न्हाई. त्या बियान्याला मीच काणी लावली हुती. मुद्दाम. फरक कळावा म्हनून."

राहीबाईंचा हात थांबला.

"मला इचारलं का न्हाईस?"

"वाटलं, तुमी न्हाई म्हनाल."

"दिलं असतं की रं." त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर त्याला बरे वाटले असते. "पोराच्या शिक्शनाला मूठ घालतो आमी, तर अर्ध्या रानाला न्हाई म्हनलो असतो? आता बनूला मी कुठल्या तोंडानं बोलवू? जा, तूच सांग तिला."

त्याच दिवशी सर्व्हिस मोटारीने तो उंब्रजला पोचला तेव्हा बनुबाई अंगणात हरभरा पाखडत होती. तिचा बाप हरिबा घोंगडे अंथरू लागला. पण नाथाजी बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळे सांगितले. सूप तिच्या हातात तसेच राहिले.

"म्हंजी रान काळं हुनार, हे तुमाला पेरतानाच ठावं हुतं, भावजी?"

"व्हय."

"आन माझ्यावर आळ आल्यालं कवा कळलं?"

"काल दुपारी."

"मग काल दुपारीच का न्हाई बोलला?"

बनुबाईने सूप खाली ठेवले.

"मला सांगून तुमी मोकळं झाला," ती म्हणाली. "माझं नाव पानवठ्यावर घेतलं हुतं. तितंच सांगा, सगळ्यांम्होरं. मग आत्याबाई स्वता न्यायला आल्या तर येईन. तुमच्या निरोपावर न्हाई यायची."

"बरोबर बोलती पोरगी," हरिबा म्हणाला, आणि घोंगड्याची घडी घालू लागला.

दुसऱ्या दिवशी उन्हे वर येण्याआधी नाथाजी पाणवठ्यावर गेला. त्याच्यासाठी रोज मूठ घालणाऱ्या बहुतेक साऱ्याजणी तिथे होत्या.

"काय रं इद्वाना, पानी भरायला आलास व्हय?" रंगुबाईने टोमणा मारला आणि बाया हसल्या.

"बनूवयनींबद्दल सांगायला आलोय," तो म्हणाला.

हसणे थांबले. त्याने बियाणे, पूड, पट्ट्या सारे सांगितले, परवाचे मौनही सांगितले. रंगुबाईने भरलेली घागर पुन्हा खाली ठेवली.

"आमच्या दान्यावर ह्येच शिकलास पुन्यात?"

मागून राहीबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी त्याची बाजू घेतली नाही. "उंब्रजची मोटार कवा हाय?" एवढेच त्यांनी विचारले. त्याने वेळ सांगितली, तशा त्या रिकामी घागर घेऊन घराकडे वळल्या. नाथाजी मात्र रंगुबाईसमोर तसाच उभा राहिला. तिचे बोलणे अजून संपले नव्हते.