दोन लाल नखं

तनुजानं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की मांजराच्या पिल्लाचं तोंड बघून विरघळायचं नाही, आधी नखं बघायची.

शहरात बेवारस सापडलेली पिल्लं कायमचं घर मिळेपर्यंत आठ-दहा घरांत सांभाळायला ठेवायची, हे काम ती एकटीच्या जोरावर चालवायची. नवं पिल्लू आलं की चौदा दिवस वेगळं. एक आठवडा धड गेला की पुढच्या पंजाच्या एका नखाला लाल नेलपॉलिश, दुसरा गेला की दुसऱ्याला. दोन लाल नखं दिसली की पिल्लू इतरांत मिसळायला मोकळं. कागद हरवतो, माणूस विसरतो, नख कुठं जात नाही, असं ती म्हणायची. मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. मला ही पोरगी तेव्हाच आवडली.

लेक लग्न होऊन गेल्यावर छावणी भागातलं आमचं घर खायला उठलं होतं. तनुजा मला मावशी म्हणत आली आणि घरचीच झाली. पिल्लाला उताणं धरून दूध पाजायचं नाही, नाहीतर ते फुफ्फुसात जातं. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायची. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं. बाहेरून आलं की ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं फरशी पुसायची. सगळं तिनं शिकवलं. माझ्या हाताखाली शिकलेल्या किती नर्स असतील, आणि मी तिच्यासमोर वही घेऊन बसायची.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्याकडे तीन पिल्लं होती, पाच आठवड्यांची. आमचे हे, पुंडलिकराव, मूळचे वैजापूरकडचे. त्यांनी नावं ठेवली सरपंच, तलाठी आणि ग्रामसेवक. तलाठी हाक मारल्यावर कधीच यायचा नाही, त्यामुळे नाव शोभायचं. पुढच्या सोमवारी तिघांना पहिली लस द्यायची होती. तोवर त्यांना जपायचं, एवढंच माझं काम होतं.

बुधवारी तनुजा चौथं पिल्लू घेऊन आली. पांढरं, किडकिडीत, डोळे मोठे. म्हणाली की कटकट गेटजवळ सापडलंय, तिच्याकडे चौदा दिवस झालेत, एकटं राहून झुरतंय, याला सोबत पाहिजे. मी पंजा दाबून बघितला. दोन लाल नखं. मी त्याला तिघांत सोडून दिलं. ह्यांनी त्याचं नाव पाहुणा ठेवलं. तनुजानं चहा घेतला, सरपंचाचा पापा घेतला आणि गेली.

रविवारी सकाळी तलाठ्यानं खाण्याकडे पाठ फिरवली. दुपारी तो पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसला. तहान लागलेली, पण पिता येत नव्हतं. अंग गार. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं की हा मांजरांचा पार्व्हो आहे, झपाट्यानं पसरणारा, एवढ्या लहान जिवाला आशा कमीच. मी कातडीखाली सलाईन दिलं, छातीशी धरून बसले. संध्याकाळी तो गेला. सोमवारी सरपंच गेला. लसीचा दिवस होता तो. ग्रामसेवकानं मंगळवार काढला, बुधवारी सकाळी वजन करायला उचलला तर मान लुळी पडली होती.

ह्यांनी शेवग्याखाली तिसरा खड्डा खणला. "लई वाईट झालं," एवढंच म्हणाले आणि फावडं धुवायला गेले.

पाहुणा मात्र ठणठणीत. पोट भरून खायचा आणि रिकाम्या टोपलीत एकटाच लोळायचा. मी स्वतःलाच दोष देत होते. चपलेवरून आणलं असेल, हात नीट धुतले नसतील. तीस वर्षं वॉर्ड सांभाळला आणि घरातली तीन पिल्लं सांभाळता आली नाहीत, हे मनात घोळत होतं. तनुजाला फोनवर तसं म्हटलंही. ती म्हणाली, "मावशी, असं होतं कधी कधी. त्रास करून घेऊ नका." मला तिच्या समजूतदारपणाचं किती कौतुक वाटलं तेव्हा.

गुरुवारी वाळूजहून श्रेयाचा फोन आला. तीही आमच्यासारखीच पिल्लं सांभाळते, माझी तिची ओळख जेमतेम. तिनं विचारलं की पांढरं पिल्लू सलाईन बंद केल्यावर नीट खातंय ना. मी म्हटलं, कसलं सलाईन? मग तिनं सांगितलं. तिच्याकडची दोन भावंडं पार्व्होनं गेली, हे एकटं वाचलं. अजून महिनाभर ते दुसऱ्यांना आजार देऊ शकतं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण तिच्याकडे दुसरी पिल्लं येणार होती म्हणून तनुजा मागच्या आठवड्यात बुधवारी सकाळी येऊन ते घेऊन गेली. मावशी नर्स आहेत, त्यांना सगळं ठाऊक आहे, त्यांनी स्वतःहून मागितलंय, असं सांगून.

मी फोन ठेवला आणि पाहुण्याचा पंजा उजेडात धरला. दोन्ही नखांचा रंग एकसारखा, मुळाशी सारखाच विटलेला. आठवड्याच्या अंतरानं लावलेला रंग असा नसतो. पहिल्या नखाचा रंग दुसऱ्यापेक्षा जास्त उडालेला असतो. त्या दिवशी मी रंग बघितला, नख बघितलं नाही. तिनं लावलाय म्हटल्यावर आणखी काय बघायचं होतं?

संध्याकाळी तिला बोलावून घेतलं. आत घेतलं नाही, फाटकातच उभं केलं. ती रडली. कुणाकडे जागा नव्हती, पिल्लाला परत रस्त्यावर सोडायचं का, रिक्षात बसल्या बसल्या रंग लावला, असं सगळं कबूल केलं. मग डोळे पुसून तिनंच मला विचारलं, "खरं सांगितलं असतं तर घेतलं असतं का तुम्ही?"

"घेतलं असतं," मी म्हटलं. "मागच्या मोरीत वेगळं ठेवलं असतं. चारही जगले असते."

मला राग तर होताच, पण त्याहून जास्त हे लागलं की वर्षभर माझ्या घरात ऊठबस करून या पोरीनं मला एवढंही ओळखलं नव्हतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते असं असतं. कापणारा आधी शेजारी बसून चहा पितो.

आठ दिवसांनी तिचा मेसेज आला. दोन पिल्लं आहेत, पार्व्होचीच, कुणी घेत नाही. तुमच्या घरात तो आजार तसाही आता सहा-आठ महिने राहणार, निरोगी पिल्लं तुमच्याकडे देता येणारच नाहीत, तेव्हा आजारी पिल्लं यापुढे तुमच्याकडेच पाठवली तर सोयीचं होईल.

मी तीनदा वाचलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. माझं घर तिनंच नासवलं आणि आता नासलेल्या घराचा उपयोगही तिलाच सुचला होता. ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, "नाय म्हण. तुला काय पडलंय?"

पण ती दोन पिल्लं काही तनुजा नव्हती. मी लिहिलं, "पिल्लं पाठव. तू येऊ नकोस."

तिनं लगेच हात जोडल्याचं चित्र पाठवलं, त्याखाली लाल बदाम आणि 'मावशी, तुम्ही देवमाणूस आहात'. मी फोन पालथा ठेवला आणि मोरी धुवायला घेतली.