चार पांढरे चौकोन

कामिनीच्या पायाला सकाळपासून भिंगरी लागली होती. दुपारी धुळ्याच्या प्रदर्शनाचा टेम्पो येणार, आणि आबांचा चेहरा काही तिच्या मनासारखा होत नव्हता.

जळगावच्या तिच्या शेडमध्ये चिनीमातीच्या फरशा जमिनीवर मांडल्या होत्या. चित्र मोबाइलवरचं. आबा, म्हणजे तिचे वडील, पारोळ्याच्या शेतातून व्हिडिओ कॉलवर बोलत असताना नेट अडलं आणि चेहऱ्याचे चौकोन झाले. गाल एकीकडे, डोळा भलतीकडे. तिनं गंमत म्हणून स्क्रीनशॉट घेतला. त्याच संध्याकाळी आबा गेले. शेवटी ते काय बोलत होते, ते तिला ऐकूच आलं नव्हतं. वर्षभर तेच तिच्या मानगुटीवर बसलं होतं.

एकेक चौकोन तिनं हातानं थापला, रंगवला, भट्टीत भाजला. मधले चार पांढरे चौकोन तेवढे मेल्यासारखे दिसत. पुन्हापुन्हा केले तरी तेच! नेट गेलं तिथं कोरंच असणार, असं ती स्वतःला बजावी आणि पुन्हा तिथंच येऊन उभी राही.

आईला त्रास नको म्हणून हे चित्र तिनं आजवर लपवलं होतं. मोठी शहाणी! आज आई, शेवंताबाई, चहा घेऊन थेट शेडमध्ये आली आणि फरशांपाशी बसलीच.

“आबा शेतस, माय. नेट तुटनं तव्हाना फोटू,” कामिनी म्हणाली.

“ते दिखस माले. पन हाई पांढरं काय शे?”

“काही नही. कोरं शे.”

“कोरं कसं? हाऊ त्यासना रुमाल शे. फोन मीच धरेल व्हता. तुन्हं तोंड तुकडा तुकडा दिखे. ते म्हनेत, पोरना बठ्ठा तोंडले माती लागनी, पुसू दे. आनि काच पुसत बसनात.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. कामिनीला रडू आवरेना.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. “आज नाही जमायचं, भाऊ. चार फरशा नव्यानं करायच्यात.”

“उद्घाटन उद्या आहे ना, ताई?”

“होऊ द्या.”

तिनं ओल्या मातीचा गोळा काढून थापला. “माय, आबासना रुमाल कोठे शे?”

शेवंताबाईनं कमरेला खोचलेला रुमाल काढून दिला. कामिनीनं तो मातीवर पसरून हलकेच दाबला. उचलला तेव्हा त्याची वीण मातीत उतरली होती.