भागीरथीबाईचा अंगठा

मी अंगठ्याच्या शाईचा पॅड बोलतोय. गोड बोलायची सवय मला नाही, आधीच सांगून ठेवतो.

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात एका शेडमध्ये माझी डबी ठोकली, आत कापड ताणलं, निळी शाई पाजली. २००१ साली पालेगावातल्या बौद्ध वस्तीच्या मंडळानं मला घेतलं. रेशनचा फॉर्म, नळाचा अर्ज, कायकाय. म्हाताऱ्या यायच्या, कुणीतरी त्यांचा अंगठा धरून माझ्यावर दाबायचं. कागदात काय लिहिलंय ते कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही.

पुढच्याच वर्षी चंदरनं राजरत्न आणि त्याची बायको माया, दोघांना त्यांच्या घरात मारलं. मायाच्या कानातल्या डुलांसाठी. दोन घरं सोडून राहणारा, त्या घरात जेवलेला माणूस. कोर्टानं फाशी सांगितली, वरच्या कोर्टानं कायम केली. २००६ त चंदरच्या आईनं, सगुणाबाईनं, राज्यपालांकडे दयेचा अर्ज केला आणि वस्ती पेटली. ‘दया नको, फाशीच द्या’ असं मंडळानं पत्र लिहिलं. सगळ्यांनी सह्या ठोकल्या. पहिली जागा राजरत्नच्या आईसाठी, भागीरथीबाईसाठी, रिकामी ठेवली. मीही फाशीच्याच बाजूचा होतो. खोटं कशाला बोलू?

बबन तिचा थोरला, मंडळाचा सेक्रेटरी. त्यानं सवयीनं तिचा अंगठा माझ्यावर दाबला. तिनं मूठ मिटली.

“आधी वाच.”

त्यानं वाचलं.

“नाय लावणार.”

“आई, सगळे बसलेत. तमाशा नको करू.”

“बसू देत. मला विचारून लिवलं का?”

“राजा तुझा पोटचा होता ना?”

“म्हणून तर. माझ्या दारातून दोन मढी निघाली. तिसरं माझ्या अंगठ्यानं निघायचं नाय, कुणाच्याच दारातून.”

मागून एक बाई म्हणाली, “माफ केलं वाटतं. सगुणानं साडीबिडी नेसवली काय गं?”

“माफ? चंदरचं नाव काढलं तरी तोंड कडू होतं माझं. माफीचं माझं मी बघीन. तू कागदाचं बोल.”

शाई तिनं पदराला पुसली. मला असा राग आला, काय सांगू.

मग बबननं तिच्याशी बोलणं टाकलं, बायकापोरं घेऊन कुळगावला राहायला गेला; मंडळाच्या कामाला तेवढा यायचा. विहारात सगळ्या प्राणिमात्रांचं भलं होवो म्हणणाऱ्या बायका तिच्यापासून सतरंजी सरकवून बसू लागल्या.

महिन्यानं ती मंडळात आली. हातात नातीनं, बबनच्या यशोधरानं, बापाला न सांगता राज्यपालांसाठी लिहून दिलेला कागद. ‘चंदरला मारू नका. मी मेलेल्यांची आई आहे.’

“हा मंडळाचा पॅड आहे,” बबन तिच्याकडे न बघता म्हणाला.

तिनं नखानं माझं झाकण उघडलं. हिला शाई द्यायचीच नाही, मी ठरवलं होतं. पण आम्हाला कुठं ठरवता येतं? कुणीही दाबावं, आम्ही द्यावं. नाही म्हणायला मिटता येणारी मूठ लागते, ती तिच्याकडे होती. कागदावर ठसा रेघ न रेघ उमटला. बबननं मला उचलून गटारात फेकलं. तिनं काढलं, धुतलं, घरी नेलं.

२००९ त बातमी आली, फाशीची जन्मठेप झाली. तिच्या कागदामुळं की आणखी कशामुळं, कुणी सांगितलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदाच बबन दारात उभा राहिला, चपला न काढता.

“झालं तुझ्या मनासारखं?”

“माझ्या मनासारखं झालं असतं, तर आज राजा आला असता दारात. च्या घेतोस?”

 तो तसाच गेला. च्या घेतला नाही.

मी तिच्या खिडकीत सुकून पडलोय. तिच्यावरचा माझा राग कधी गेला, कळलं नाही. एवढंच मागणं आहे, मला पुन्हा शाई घालू नका. शेवटचा ठसा तिचाच राहू द्या.